वडिलकीची सतरंजी

मी एक जुनी सतरंजी आहे, मित्रांनो, आणि माझा जन्म तुरुंगात झाला. दचकू नका. कैद्यांच्या हातमागावरची सतरंजी दणकट असते, हे आमच्या सांगली-मिरजेकडे शेंबडं पोरही सांगेल. मला तिघांनी मिळून विणलं. त्यांतल्या एकाचं नाव केरबा. त्याने काय गुन्हा केला होता ते त्याने मला सांगितलं नाही, आणि सतरंजीला विचारता येत नाही. दोरा तुटला की तो शिवी हासडायचा आणि मग आपला आपणच हसायचा. निळा पट्टा, तांबडा पट्टा, मध्ये पांढरी रेघ. वीस फूट लांब, दहा फूट रुंद. मागावरून उतरले तेव्हा मी एवढी कडक होते की उभी केली असती तर उभी राहिले असते.

तुरुंगाच्या दिवाळी प्रदर्शनातून मला आमच्या मंडळीच्या बायकांनी आणलं. मिरजेपासून एसटीने अर्ध्या तासावर, कृष्णेच्या काठी आमचं गाव आहे. तिथे ख्रिस्ती मंडळीची पन्नासेक घरं आणि उंचवट्यावर एक लहानसं चर्च. तिथे मी राहायला आले.

माझी काळजी घ्यायचं काम नानासोंकडे होतं. नानासो मिरजेच्या एका इस्पितळात तीस वर्षं जखमांची मलमपट्टी करून निवृत्त झालेले. हात हलका, बोलणं त्याहून हलकं. दर रविवारी उपासना झाली की ते मला झटकत, उन्हात टाकत, घडीत कडुलिंबाचा पाला घालत. कुणी चपलेसकट पाय ठेवला तर म्हणत, "आवं पाव्हणं, पायाखाली बघा की. कापड न्हवं ते, देवाच्या घरची बैठक हाय." मला हे फार आवडायचं. कोणाला नाही आवडणार? पण पुढे जे घडलं त्यात माझाही वाटा आहे, म्हणून हे आधी सांगून ठेवते.

आमच्या मंडळीत वडील निवडतात. हा वडील म्हणजे मंडळीचा कारभार पाहणारा, आजाऱ्याच्या उशाशी बसणारा, भांडणं मिटवणारा माणूस. चर्चच्या इमारती जेव्हा नव्हत्याच आणि माणसं एकमेकांच्या घरी प्रार्थनेला जमत, येशूच्या त्या प्रेषितांच्या, म्हणजे पहिल्या प्रचारकांच्या काळापासून याची शिकवण चालत आली आहे. वडील निर्दोष असावा, एका बायकोचा नवरा असावा, आल्यागेल्याला भाकरी घालणारा असावा. पिणारा नको, हमरीतुमरीवर येणारा नको. ज्याला स्वतःचं घर नीट चालवता येत नाही त्याच्या हाती देवाचं घर देऊ नये. आधी त्याची पारख व्हावी. आणि शेवटी, बाहेरच्या लोकांनीही त्याला चांगलं म्हणावं.

ही शेवटची अट गंगाधरबुवांची लाडकी. बुवा निवृत्त प्राथमिक शिक्षक आणि आमच्या पंचक्रोशीतले ख्रिस्ती कीर्तनकार. धोतर, काळा कोट, डोक्याला फेटा, हातात चिपळ्या. प्रवचन ऐकताना पेंगणारी माणसं बुवांच्या कीर्तनाला पाठ ताठ करून बसत. शास्त्र कानातून आत जातं, पण गाण्यावर बसून गेलं तर मुक्काम करतं, असं माझं मत आहे. मी शेकडो कीर्तनं ऐकली आहेत, आणि तीही खालून.

बुवांनीच आमच्याकडे एक रीत पाडली. कुणाचं नाव वडिलकीसाठी निघालं की मला त्याच्या सोप्यात, घराच्या पुढच्या खोलीत, आठ दिवस अंथरायचं. त्या आठ दिवसांत जो कोणी येईल तो माझ्यावर बसणार. खुर्ची कुणालाच नाही, चर्चमध्ये उपासना चालवणाऱ्या पाळकसाहेबांनासुद्धा नाही. आठ दिवस झाले की त्याच्या अंगणात कीर्तन. कीर्तनाच्या मध्यावर शेजाऱ्यापाजाऱ्यांनी, आणि तेही मंडळीबाहेरच्या, उभं राहून त्या माणसाबद्दल खरं काय ते सांगायचं. गावात कुणी म्हणालं, "अमक्याच्या सोप्यात सतरंजी पडली," की त्याचा अर्थ सगळ्यांना कळे.

आता महापुराचं सांगते.

मी आले त्याच्या पुढच्याच पावसाळ्यात कृष्णा गावात शिरली. मी तेव्हा नवीकोरी होते. उंचवट्यावर म्हणून चर्च उघडलं आणि गावातली तीस घरं, सगळ्या जातीधर्मांची, माझ्यावर नि माझ्याभोवती येऊन बसली. व्यवस्था नानासोंकडे. त्यांनी पहिलं काम केलं ते हे, की शेजारच्या हंबीररावांच्या म्हाताऱ्या आईला कमरेएवढ्या पाण्यातून पाठीवर घेऊन आले आणि माझ्यावर, कोरड्या कोपऱ्यात, निजवलं. हंबीरराव फौजेतून सुभेदार होऊन आलेले, आता ऊस करणारे. त्यांचं नि नानासोंचं घर भिंतीला भिंत लागून.

मग हंबीरराव आपली गाभण म्हैस घेऊन पडवीपर्यंत आले.

"नानासो, हिला आत घेतो. कोपऱ्यात हुबी ऱ्हाईल."

नानासोंनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या निळ्या-तांबड्या पट्ट्यांकडे. "आत न्हाई हो, हंबीरराव. देवाचं घर हाय, गोठा न्हवं. नवी सतरंजी हाय, शेणामुतानं घाण हुईल."

"मग पडवीत?"

"पडवीत बायका सैपाक करत्यात. खाली चिंचंला बांदा की. पानी तिथवर न्हाई यायचं."

पाणी तिथवर आलं. सकाळी चिंचेच्या बुंध्याला दावं होतं, म्हैस नव्हती. हंबीररावांनी ते दावं सोडलं, गुंडाळलं, चर्चच्या दारात आले आणि नानासोंना एवढंच म्हणाले, "तुमचा देव कुठं जलमला म्हंता? गोठ्यातच न्हवं?"

त्यानंतर ते नानासोंशी बोलले नाहीत. पूर ओसरला, भिंती वाळल्या, दोन्ही घरांतल्या बायका वाटीभर साखर इकडून तिकडे करू लागल्या. पण त्या दोन पुरुषांचा अबोला चौथ्या वर्षात गेला. नानासोंना बोलायचं नव्हतं असं नाही. वाटेत समोरासमोर आले की त्यांचे ओठ हलत. पण हंबीरराव टाचेवर वळून जात, आणि नानासो चर्चमध्ये येऊन मला उगीचच पुन्हा झटकत.

अशात मंडळीचे एक वडील देवाघरी गेले आणि त्या जागेसाठी नानासोंचं नाव निघालं. नानासोंचे बाबा पूर्वी मंडळीचे वडील होते. लहानपणापासून त्यांना ही एकच हौस. पाळकसाहेब म्हणाले, "तुमच्याइतका निर्मळ माणूस दुसरा दिसत नाही." नानासोंनी मला खांद्यावर घेतलं आणि आपल्या सोप्यात अंथरलं.

आठ दिवस माझ्यावर माणसांचा राबता. चहा, कांदेपोहे, प्रार्थना. कीर्तनाचा दिवस ज्याच्या घरी असेल त्यानेच ठरवायचा. नानासोंनी शनिवार ठरवला. त्यांची बायको शकुंतला भिंतीवरच्या कॅलेंडरपाशी उभी राहिली.

"आवं, शनवार कशाला? रविवारी मंडळी आयतीच जमत्यात."

"शनवारच बरा."

"शनवारी हंबीरभावजींची पाण्याची पाळी हाय. दुपारी दोनपासनं दिवे लागणीपतूर. त्यांना कसं यायला गावंल?"

"मग मी काय पाण्याचं टायमटेबल लिव्हतो व्हय?"

आमच्याकडे उपसा योजनेचं पाणी पाळीने येतं, मित्रांनो. बारा-पंधरा दिवसांनी एकदा. त्या वेळेत शेतकरी बांध सोडत नाही. सोडला तर पाणी दुसऱ्याच्या रानात जातं आणि ऊस पिवळा पडतो. शकुंतलाबाईंनी कॅलेंडरवरच्या शनिवारावर बोट ठेवलं. मग म्हणाल्या, "तुमी टायमटेबल लिव्हत न्हाई. पर वाचता मातूर चांगलं."

नानासो पलीकडच्या दारात गेले आणि हंबीररावांच्या घरच्यांना, पायरीखालूनच, रीतसर आमंत्रण देऊन आले. "शनवारी कीर्तन हाय. सगळ्यांनी यायचं बरं का." आमंत्रण दिलं नाही असं कोणी म्हणू नये, एवढी सोय झाली.

शनिवारी चार वाजता अंगण सारवून, मला अंथरून, सगळं तयार. पेटी लागली, तबला ठोकून झाला. गंगाधरबुवांनी नमन केलं आणि आख्यान लावलं ते त्या तरुण सोबत्याचं, ज्याला एका मोठ्या शहरात मंडळी सांभाळायला ठेवून म्हातारा प्रेषित पुढे निघून गेला. एकट्याने कसं निभावणार हा पोरगा? तर प्रेषिताने त्याला चांगल्या वडिलाची पारख शिकवली.

"पिणारा नसावा!" बुवा चिपळी वाजवून म्हणाले. "न पिणाऱ्यांनी हात वर करा बरं. वर करा. ज्याचा हात थरथरतोय त्यानं खाली ठेवला तरी चालंल."

हसून हसून लोक माझ्यावर आडवे झाले. बुवांनी हसू ओसरू दिलं आणि मग सूर धरला:

दारी ज्याच्या तृषिता पाणी, ओठी ज्याच्या मृदु वाणी,
परका ज्याची साक्ष देतसे, भक्ती त्याची खरी जाणी.

सगळं अंगण मागे म्हणू लागलं. मग बुवांना हार घातला आणि साक्षीची वेळ आली. गल्लीतल्या बनाबाई गुडघ्यावर हात टेकून उठल्या. "माज्या पायाला गळू झालतं. पोटच्या पोरानं नाक दाबलं, पर ह्या नानासोनं म्हैनाभर रोज येऊन पट्टी बांदली. चा सुदिक घेतला न्हाई. आनी काय सांगू?" त्या बसल्या. किराणा दुकानदार जोतिबा उठले. म्हणाले, "शबुद दिला की पाळनारा मानूस. पिशवीत चुकून जास्तीचा गूळ गेला तर परत आनून देतो."

नानासोंचा चेहरा उजळला होता. शकुंतलाबाई खाली बघत माझ्या दशा बोटांनी वळत बसल्या होत्या.

"छान," बुवा म्हणाले. "आता सांगा, ह्या घराला भिंतीला भिंत कुणाची?"

कुणीतरी म्हणालं, "हंबीररावांची."

"मग ते कुठं दिसत न्हाईत?"

"पाण्याची पाळी हाय त्यांची," नानासो पटकन म्हणाले. "आमंत्रण दिलंय मी."

"पाळी सोडून कसा येईल माणूस? ऊस वाळंल की. बरोबर हाय त्यांचं." बुवांनी चिपळ्या कोटाच्या खिशात टाकल्या. "पण पाय काय त्यांनाच हायत, आन् आपल्याला न्हाईत? चला, रान हाकेच्या अंतरावर हाय. नानासो, सतरंजी घ्या."

कुणाला काही कळेना. पाळकसाहेब हळूच म्हणाले, "बुवा, कीर्तन मोडेल."

"मोडत न्हाई हो साहेब, जागा बदलती. पहिल्या मंडळीला कुठं अंगण व्हतं?"

आणि मग आमच्या गावाने कधी न पाहिलेली वरात निघाली. पुढे बुवा, मागे डोक्यावर पेटी घेतलेला पेटीवाला, कडेवर तबला घेतलेला तबलजी, बायका, म्हातारे, आणि खांद्यावर मला घेतलेले नानासो. त्यांचा श्वास मला लागत होता.

हंबीरराव गुडघ्यापर्यंत धोतर खोचून, हातात खोरं घेऊन पाटात उभे. समोरून सत्तर माणसं येताना पाहून म्हणाले, "काय वो, कुनाच्या मयताला निगालाय का काय?"

"तुमच्याच साक्षीला आलोय," बुवा म्हणाले. "नानासो, टाका सतरंजी."

नानासोंनी कोरडी जागा शोधली. उजवीकडे पाणी, डावीकडे पाणी, मध्ये काळा चिखल. ते तसेच उभे राहिले.

"टाका म्हणतो न्हवं."

त्यांनी मला चिखलात अंथरलं. माझ्या आयुष्यात पहिल्यांदा. गार चिखल माझ्या उभ्या-आडव्या दोऱ्यांत शिरला तेव्हा मला कसं वाटलं म्हणून विचाराल, तर खरं सांगते, जड वाटलं. एवढंच. सतरंजीचं फार काही बिघडत नाही.

लोक बसले. हंबीरराव उभेच. "मला कशाला इचारताय? मी तुमच्यातला न्हाई."

"म्हणूनच तर. आमच्यातला आमच्यातल्याचं गोडच सांगणार. नानासोला वडील करायचं घाटतंय. तुमी खरं सांगा."

हंबीररावांनी खोरं मारून पाटाचं एक तोंड बांधलं, दुसरं फोडलं. पाणी नव्या सरीत शिरलं. मग म्हणाले, "ह्या मानसानं माज्या आईला पाठीवर घेऊन कमरंएवढ्या पान्यातनं आनलं. ती त्यानंतर दोन वर्सं जगली. ते खरं हाय. आनी ह्याच मानसानं माजी गाभन म्हस दारातनं माघारी लावली. ते बी खरं हाय. दोन्ही खरं असल्यावर मी काय सांगू? म्हस काय पुरात कुनाची बी जाती. पर हा गडी चार वर्सांत एकदा बी आला न्हाई, की हंबीरराव, चुकलं माजं."

पेटीचा भाता हवा सुटून फुसकन बसला.

नानासो उठले. ते आता निसटू शकले असते, मित्रांनो. माफी मागून, डोळे पुसून, दोन ओळी प्रार्थना करून त्या दिवशीच वडील झाले असते. लोकांची मनं तेवढी मऊ झाली होती. पण ते म्हणाले, "चुकलं माजं. आनी आजून एक हाय. आज तुमची पाळी हाय, ते बघूनच मी शनवार धरला. तुमी येऊ ने म्हून."

शकुंतलाबाईंनी डोक्यावरचा पदर पुढे ओढला. पाळकसाहेबांनी डोळे मिटले. हंबीरराव मात्र खदखदून हसले. "तरीच! मी सकाळधरनं म्हंतोय, नेमकं माज्याच पाळीला बरं ह्यांच्या देवाचं कीर्तन येतंय! आरं गड्या, फौजंत असला बेत केला असता तर तुला सुभेदार केला असता."

लोकही हसले. नानासो हसले नाहीत, खाली मान घालून उभे राहिले. बुवांनी विचारलं, "मग काय करू, हंबीरराव? करू वडील?"

हंबीररावांनी खोऱ्याच्या दांड्यावर हनुवटी टेकली. "आज नगा करू. आज केला तर रडून वडील झाला असं हुईल. वरीसभर जाऊ द्या. बघू की, कसा वागतोय ते. पारख न करता बैल बी कोन दावनीला बांदत न्हाई."

गंगाधरबुवांनी त्यांना हात जोडले. मग मंडळीकडे वळून म्हणाले, "ऐकलंत? आधी पारख व्हावी, मग सेवा द्यावी. प्रेषितांनी हेच सांगितलं. मी चाळीस वर्सं हे गातोय, आन् ह्या माणसानं न वाचता सांगितलं." आणि त्यांनी चिखलात उभं राहूनच शेवटचं भजन धरलं.

त्या दिवशी नानासो वडील झाले नाहीत. भजन संपल्यावर त्यांनी मला उचललं. मी भिजून इतकी जड झाले होते की एकट्याला पेलेना. दुसरं टोक कुणी धरलं ते सांगते: हंबीररावांनी नव्हे, त्यांची पाळी अजून संपली नव्हती. शकुंतलाबाईंनी धरलं. दोघांनी मला नदीवर धुतलं. धुणं चांगलं झालं. काळपट डाग राहिला तो राहिलाच.

वर्षभर नानासोंनी मला फारसं झटकलं नाही. त्यांचा तो वेळ दुसरीकडे जाऊ लागला. कुणाच्या मयताला, कुणाच्या बारशाला, ज्याला लागेल त्याला त्यांनी मला वापरायला दिलं. मी शेंगांच्या ढिगाखाली गेले, लग्नात हळदीने माखले, एकदा शेळीनेही माझा कोपरा चघळला. त्यांच्या नि हंबीररावांच्या दोस्तीबद्दल मी फुगवून सांगणार नाही. दोघे बांधावर बोलू लागले. पावसाबद्दल, उसाबद्दल. तेवढंच.

वर्ष झाल्यावर पाळकसाहेब आधी पलीकडच्या घरी गेले आणि विचारलं. हंबीरराव भाकरी खात होते. घास गिळून म्हणाले, "करा आता." पुढच्या रविवारी नानासो वडील झाले.

आता आमच्या चर्चमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्या आल्या आहेत. म्हाताऱ्यांच्या गुडघ्यांना बरं पडतं, त्याला माझी ना नाही. पण खुर्च्या आल्या की पुढची रांग आणि मागची रांग येते, आणि पुढे कोण बसणार हा प्रश्न येतो. वडिलकीसाठी नाव निघालं तर आता सभागृहात फॉर्म भरून घेतात. शेजाऱ्यांना विचारायचं राहूनच जातं. मी कपाटावर घडी होऊन पडले आहे. घडीत नवा कडुलिंब आहे, कसर लागलेली नाही, आणि कुणी माझ्यावर बसत नाही.

मित्रांनो, माझी एक विनंती आहे. तुम्हाला पाठांतर येत असेल, गोड गळा असेल, तुमच्यात सुभक्ती, म्हणजे देवाला धरून वागणं, आहे असं घरचे म्हणत असतील, तर चांगलंच आहे. पण एकदा भिंतीपलीकडच्या शेजाऱ्याला जाऊन विचारा, आणि तो घरी असेल त्या दिवशी जा. आणि माझ्यासारखी एखादी सतरंजी तुमच्या देवळात, मशिदीत, चर्चमध्ये, शाळेत घडी घालून ठेवलेली असेल, तर तिला फार जपू नका. दारात पाहुणा आला, मग तो दोन पायांचा असो की चार पायांचा, तिला खाली काढा आणि अंथरा. डागांची काळजी करू नका. आम्ही बसायसाठीच विणलेल्या असतो.